ठेवणीतली वही

मला एका जागी बसवत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे, हे आईनं मी चालायला लागले तेव्हाच जाहीर केलं होतं. वर्गातही मी खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत शिकवते आणि पहिल्या बाकावरच्या मुलांच्या माना दुखतात. फक्त एसटीत बसणं भाग असतं. इंदापूरहून सकाळची बारामती गाडी, दीड तास. उसाचा हंगाम असला की ट्रॅक्टरच्या मागं रांगत दोन तास. त्या वेळात मी इंग्रजी शब्द पाठ करायची. चौतीस वर्षांची बाई ओठ हलवत बसलीय म्हटल्यावर शेजारच्या बायकांना वाटायचं, जप चाललाय. त्या आदरानं सरकून बसायच्या आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नव्हते.

बारामतीतल्या एका क्लासमध्ये मी प्रवेश परीक्षांच्या मुलांना इंग्रजीतले अवघड शब्द शिकवते. म्हणजे जे शब्द खुद्द इंग्रजसुद्धा चहा पिताना वापरत नसेल, असे. माझ्या आधी तिथं रोज चाळीस शब्दांची यादी मिळायची. मुलं ती घोकायची, शनिवारी पेपरात ओकायची आणि सोमवारी पाटी कोरी. मला ते बघवेना. मी याद्या बंद केल्या आणि फर्मान काढलं: रोज आठच शब्द, पण प्रत्येक शब्दाला आपल्या गावातलं एक माणूस शोधून आणायचं. नाव लिहायचं नाही, नातं लिहायचं. ज्या शब्दाला माणूस सापडलं नाही, तो शब्द अजून आपला झालेला नाही.

मग काय, गावंच्या गावं वर्गात आली. ‘लॅकोनिक’, म्हणजे मोजकं बोलणारा. याला कन्हेरीच्या एका मुलीनं आपले आबा आणले. ते सकाळी ‘व्हय’ म्हणतात आणि संध्याकाळी ‘न्हाय’, मधे काही नाही. ‘गॅर्युलस’ म्हणजे बडबड्या. याला निम्म्या वर्गानं आपापली आत्या आणली. मोरगावच्या एकानं ‘इन्डोलन्ट’, म्हणजे आळशी, या शब्दापुढं सरळ वडिलांना बसवलं. तिसऱ्या दिवशी ते वडील एसटीनं आले आणि वर्गाच्या दारात उभे राहिले.

“मॅडम, मी आळशी हाय व्हय? मग चौदा शेरडं कोण बघतंय, तुमची इंग्रजी?”

मी त्यांना चहा पाजला आणि पोराला वहीतलं माणूस बदलायला लावलं. त्यानं तिथं थोरल्या भावाला बसवलं. भाऊ अजून आलेला नाही.

याच वर्गात ती होती. लोणी देवकरची, बी.ए. झालेली, बाविशीची. वडील तिथल्याच एका कंपनीत पाळीवर कामाला. ती इंदापूरच्या स्टँडवर माझ्या आधी पोचायची आणि गाडी लागली की खिडकीतून ओढणी टाकून आम्हा दोघींची जागा धरायची. वाटेत आम्ही शब्दांना माणसं शोधायचो. ‘रेझिलियंट’, म्हणजे पडूनही उठणारा, याला सगळ्यांनी नेहमीप्रमाणं आई आणली. हिनं स्टँडवरची केळीवाली म्हातारी आणली. महिन्यातून एकदा तरी कुठली गाय तिच्या पाटीत तोंड घालते, आणि म्हातारी गाईच्या सात पिढ्या उद्धरून उरलेली केळी पुन्हा रचते. माझ्या डोक्यात ती म्हातारी कधीच आली नसती. मला कौतुकही वाटलं आणि कुठंतरी टोचलंही.

एका सकाळी निमगाव केतकी मागं पडल्यावर ती म्हणाली, “मॅडम, मी फॉर्म भरलाय. परदेशात शिकायला जायचा.”

आमच्या समाजातल्या मुलांसाठी सरकारची शिष्यवृत्ती असते. त्यासाठी इंग्रजीची एक परीक्षा पार करावी लागते, आणि ती भल्याभल्यांना रडवते. वयाची अट पस्तिशीची. मी दोनदा बसले होते आणि दोनदा पडले होते. तोच फॉर्म मी तिसऱ्यांदा भरला होता आणि यानंतर मला तो भरता येणार नव्हता. हे आईशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शब्द देऊन बाहेर धाडायचं आणि आपण संध्याकाळच्या गाडीनं इंदापूरला परत यायचं, याचा मला वीट आला होता. मला जायचं होतं. आणि आम्हा दोघींच्या विषयाला राज्यभरात जागा होत्या दोनच.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हणाले, “छान,” आणि बाहेरचा ऊस बघायला लागले.

माझ्याकडं दोन वह्या होत्या. एक वर्गाची, सगळ्यांना खुली. दुसरी ठेवणीतली. दोन वेळा पडून मला कळलं होतं की ही परीक्षा नेमकी कुठं अडवते, कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात, कुठले पर्याय फसवतात. ते सगळं त्या दुसऱ्या वहीत होतं. ती मी कुणाला दाखवली नव्हती, पण तोवर लपवलीही नव्हती. त्या दिवसापासून लपवायला लागले. गाडीत खिडकीकडं अंग चोरून वाचायची, ती वाकली की पान मिटायची. एकदा तिनं विचारलंच, “ही कसली वही, मॅडम?”

“रेसिपीची,” मी म्हणाले. माझा साधा भातही खाली लागतो हे तिला माहीत होतं.

आमच्या वस्तीत एक रीत आहे. भिंतीभिंतीवर निळ्या कोटातला तोच एक फोटो आणि त्याच्याखाली कुणीतरी अभ्यासाला बसलेलं. जो पुढं गेला त्यानं आपल्या वह्या मागच्याला नेऊन द्यायच्या. मागच्यानं मागायला यायचं नसतं, पुढच्यानं जायचं असतं. मी बी.एड.ला लागले ती पलीकडच्या घरातल्या एका दादाच्या वह्यांवर. मी मनाची समजूत घालत होते: मी कुठं पुढं गेलेय? मी तर अजून इथंच आहे, मग माझ्यावर कसलं बंधन? युक्तिवाद बरा होता, पण त्यानं झोप लागत नव्हती. राज्यभरातून किती मुलं बसणार होती, पण मला एकच दिसत होती. तिनं वर्गात चटकन उत्तर दिलं की माझ्या फेऱ्या वाढायच्या. तिला सर्दी झाली तेव्हा, लिहायलाही लाज वाटते, पण मला बरं वाटलं होतं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. मी वर्गाच्या वह्या तपासत होते. तिच्या वहीत ‘मॅग्नॅनिमस’ हा शब्द होता, म्हणजे मोठ्या मनाचा, हातचं राखून न ठेवणारा. पुढं लिहिलं होतं: ‘मॅडम’. बरोबरची खूण करायला उचललेला पेन तसाच राहिला. आधी मला तिचाच संताप आला. वाटलं, हिला काय हक्क आहे मला असं काही म्हणायचा? वही तशीच मिटून मी गठ्ठ्याखाली सारली आणि त्या दिवशी उरलेल्या वह्याही तपासल्या नाहीत.

घरी आले तर आई भाकरी थापत होती. मी चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत फेऱ्या मारायला लागले.

“बस की जरा. माझं डोकं फिरतंय,” आई म्हणाली. मग विचारलं, “त्या लोणीच्या पोरीला वही दिली का?”

“ती माझ्याच परीक्षेला बसलीय, आई.”

“मग?”

“मग काय मग? माझी शेवटची वेळ आहे.”

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. “त्या दादानं तुला वह्या आणून दिल्या, तवा तो बी तुझ्याच बी.एड.च्या परीक्षेला बसला व्हता. दुसऱ्यांदा. तुझं झालं, त्याचं न्हाय झालं.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“त्यानंच सांगू नका म्हणलं. तुला अभ्यास झाला नसता.”

त्या दादाला मी आजही स्टँडवर दिसला की नुसता हात करते. तो इंदापुरातच राहिला. त्याच्या जागेवर मी शिकून आले आणि मला पत्ताच नव्हता. मी जेवले नाही. आईनंही आग्रह केला नाही, हे त्याहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटायच्या आत मी ठेवणीतली वही तिच्या मांडीवर टाकली. मोठ्या मनानं वगैरे नाही, दुखरा दात उपटून टाकावा तशी.

“घे. यात रेसिपी नाहीत.”

तिनं वही उघडली नाही. दोन्ही हात त्यावर ठेवून बसली. “मला ठाव हाय, मॅडम.”

“काय ठाऊक आहे?”

“मी फॉर्म द्यायला पुण्याला गेले व्हते, तवा तुमचा फॉर्म टेबलावरच व्हता. फोटोसकट. म्हणून तर तुमाला गाडीत सांगितलं. वाटलं, तुमी बी सांगाल.”

मला तिच्याकडं बघवेना. कंडक्टर आला, मी दोघींचं तिकीट काढलं, सुटे परत घेतले, पुन्हा पर्समध्ये नीट लावले. काहीतरी करत राहायला हवं होतं.

“तरी तू वहीत माझ्याबद्दल ते लिहिलंस?”

“आठातले सात शब्द तुमीच दिलं की मॅडम. एखादा ठेवला तर काय झालं? माझी अजून बारा वर्षं हायती. तुमचं हेच वर्ष हाय.” तिनं वही परत माझ्या मांडीवर ठेवली. “परीक्षा झाल्यावर द्या.”

मी रडायला हवं होतं, पण मी भडकले. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी ओरडले, की वही घे, नाहीतर उद्यापासून माझी जागा धरू नकोस. पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळल्या. त्यांना वाटलं, मायलेकींचं भांडण. तिनं वही घेतली. त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही त्याच वहीतून वाचलं, एक पान तिनं, एक मी. मी चांगला अभ्यास केला. आजवरचा सगळ्यात चांगला.

यादी लागली. तिचं नाव होतं. माझं नव्हतं.

मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. मी दोन दिवस क्लासला गेले नाही. कपाट लावलं, मोडलं, पुन्हा लावलं. वही दिली नसती तर काय झालं असतं, हा हिशोब शंभर वेळा मांडला आणि शंभर वेळा पुसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वडिलांना घेऊन घरी आली. वडील कंपनीच्या कपड्यांतच होते, हातात पेढ्यांचा बॉक्स, पण तो पुढं करायचं त्यांना धाडस होत नव्हतं. ती आईच्या पाया पडली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, मी जाऊ का?”

घरी निघताना विचारतात तसं ते विचारणं नव्हतं. तिचे वडील खाली जमिनीकडं बघत होते, म्हणजे हे घरात ठरवूनच ती आली होती. मी नाही म्हटलं असतं तर ती खरंच गेली नसती.

मी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी उभी होते.

“जाऊन ये,” मी म्हणाले. एवढे दोन शब्द तोंडातून निघायला मला तीन दिवस लागले होते.