हिरवा सात
परवा कुठूनतरी रंगवलेल्या ओल्या सुताचा वास आला आणि सत्तरच्या दशकात सोलापुरात मी शिकवायचे तो तिसरीचा वर्ग आठवला. पाढ्यांत अडणाऱ्या मुलांची मी यादी ठेवत असे, आणि त्यात एक मुलगी रोज असायची. "सात पंचे?" मी विचारलं. "बाई, सात हिरवा हाय अन् पाच तांबडा. शेजारी आले की लई भांडतात." सगळा वर्ग हसला. तिचे वडील कारखान्यात सूत रंगवायचे. तिथे प्रत्येक रंगाला नंबर असतो, तेच ही गणितात मिसळते, असं मी ठरवून टाकलं आणि वडिलांना बोलावून सांगितलं, "हिला कारखान्यात नेऊ नका." ते गोंधळले. "नेतच न्हाय, बाई. अन् आमच्यात सात नंबर काळा हाय की." पोरगी खोटं बोलते असं समजून त्यांनी तिला घरी मारलं. दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ घेऊन विचारलं, "सात कसा दिसतो गं?" फळ्याकडे बघत ती म्हणाली, "पांढरा, बाई. खडूचा." काही मुलांना आकडे खरंच रंगीत दिसतात, हे मी फार उशिरा वाचलं. आता एखादं मूल असं काही बोललं, की मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि विचारते, "आणि आठ?"