अर्धी गोळी

लाखांदूरकडच्या एका आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होतो, तेव्हाची ही गोष्ट. ऐंशीच्या आसपासची. नागपूरहून शिकाऊ डॉक्टर खेड्यातल्या कामासाठी माझ्याकडे यायचे. जाताना त्यांच्या दाखल्यावर माझी सही लागायची, आणि सही द्यायला मी महाकंजूस म्हणून बदनाम होतो. असेन!

त्या पावसाळ्यात आलेला पोरगा भलताच हुशार. पुस्तकं तोंडपाठ. दाखला मिळाला की पुढच्या शिक्षणाला पळायचं, म्हणून बॅग भरूनच बसलेला. शेवटच्या आठवड्यात मी त्याच्यासमोर क्षयाचा एक पेशंट बसवला. जवळच्याच गावचा शेतकरी. औषध सुरू करून कितीतरी महिने झाले, तरी माणूस खंगतच चाललेला.

"गोळ्या रोज घेता?"

"हाव जी."

"चुकवत नाही ना?"

"हाव जी."

"घरी सगळे बरे?"

"हाव जी."

पोरगा ऐटीत माझ्याकडे आला. "सर, औषध लागू पडत नाही. बदलावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. "अरे बाबा, आमच्याकडे डॉक्टरला 'नाही' म्हणणं म्हणजे उर्मटपणा. 'तुम्ही मेलात का' असं विचारलं असतंस, तरी तो हाव जीच म्हणाला असता! पुस्तकात पास झालास तू, माझ्याकडे नाही. जा, परत बस त्याच्याजवळ. तोवर सही विसर."

त्याचं तोंड लालबुंद झालं, पण गेला. या वेळी खुर्ची सोडून बाकावर त्या माणसाशेजारी टेकला. आधी धानाच्या रोवण्याचं विचारलं. पाणी पुरलं का, लावणीला बाया मिळतात का. मग हळूच म्हणाला, "काका, सकाळी गोळी कशी घेता, ते सांगा ना."

शेतकऱ्यानं चिमटीनं गोळी तोडल्याची खूण केली. "तोडतो जी. अर्धी मी घेतो, अर्धी घरवालीले देतो. तिलेही असाच खोकला हाये. रोवणं सोडून येत नाही म्हणते."

पोरानं माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो चिखलातून सायकल ढकलत त्यांच्या गावी गेला आणि बाईला बैलगाडीत घालून घेऊन आला. तिची छाती तपासली, तर दोन्ही फुप्फुसं पार पोखरलेली. दोघांनाही पुरतं औषध सुरू केलं. मी दाखल्यावर सही करून ठेवली होती, पण पोरगा काही जाईना. रोज तिच्या खाटेशी बसायचा, ती बोलेल तेवढं ऐकायचा.

बाई वाचली नाही. फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

दिवसपाणी उरकल्यावर नवरा गोळ्या न्यायला आला. पोरानं पुडी त्याच्या हातात दिली आणि बाकावर त्याच्याशेजारी टेकला. मग तो माणूसच त्याची समजूत घालावी तसा म्हणाला, "आता पुरी घेतो जी. अर्धी कोनाले देऊ?"