न म्हटलेलं थँक्यू

विसाजीपंत गेल्याची बातमी मला संगमावरच्या इंग्रजी बंगल्याच्या शिपायानं शालीचा भाव करता करता दिली. आधी घासाघीस, मग सहज म्हणाला, "आमचे दुभाषी गेले परवा." मी शाल त्याच्याच भावात देऊन टाकली. तसं मी कधी करत नाही...

पाठीवर गठ्ठे वाहून मी बुधवार पेठेत शालींचं दुकान मांडलं. पंतांना पेशव्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज वकिलाच्या त्या बंगल्यात दुभाषी म्हणून चिकटवलं तेही मीच. तिथं त्यांची जीभ एका शब्दाला सोकावली. पाणी दिलं, थँक्यू. वाट सोडली, थँक्यू. नको असलं तरी 'नो थँक्यू'. साहेबाला शब्दांची मुळं खणायचा नाद. त्यानंच पंतांना सांगितलं होतं की 'थँक' हा 'थिंक'चा, म्हणजे विचार करण्याचा, सख्खा भाऊ. केलेलं मनात ठेवीन, हा त्याचा मूळ अर्थ.

"मला नाही कधी म्हणालात," मी एकदा टोमणा मारला.

पंत हसले. "शेट, तो परक्यांसाठी. तुम्हाला म्हटलं की ऋण फिटलं."

मग साहेबानं माझ्याकडून शाली घ्यायचा सौदा निघाला. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली हात धरून बोटं दाबतात, जितकी बोटं तितका भाव. साहेबाच्या वतीनं पंत बसले. साहेब कुठवर चढणार ते मला आधीच कळलं होतं. पंतांनी त्याहून दोन बोटं कमी दाबली. मी रुमाल झटकून उठलो आणि चारचौघांत विचारलं, "ज्यानं चिकटवलं त्याचीच बोटं पिळता?"

ते शांतपणे म्हणाले, "रुमालाखाली मी साहेबाचा. बाहेर तुमचा."

त्यानंतर मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. दोन बोटं कमीच होती, हे मी आजही म्हणतो. पण बाहेर ते माझे होते का, हे बघायला मी बाहेर कधी भेटलोच नाही...

तेराव्यानंतर सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेलो. वहिनी आतल्या दारापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, दर दसऱ्याला सोन्याचं पहिलं पान ते तुमच्या नावानं देवापाशी ठेवायचे. मी म्हणायची, नेऊन द्या की. तर म्हणायचे, त्यांचा राग उतरू दे, येतील."

देवांच्या मागून काढलेली आपट्याची वाळकी पानं त्यांनी तबकात घालून माझ्यापुढे सरकवली. मी तबक परत आत सरकवलं.

"राहू द्या तिथंच, वहिनी. यंदाचं पान मी घेऊन येईन."