बोगदानचं नाव

दुपारची जेवणं उरकली आहेत. वेंगुर्ल्यात, नेत्राच्या माहेरी, मी पाळण्याशेजारी चटईवर आडवा होतो. उद्या बाळाचं बारसं, आणि नावावरून सकाळीच घरात वाजलंय.

मला 'बोगदान' ठेवायचंय. गेल्या फेरीत जहाजाच्या बंद टाकीत मी गुदमरून पडलो, तेव्हा आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, ओदेसा बंदराकडचा बोगदान, दोर घेऊन खाली उतरला. त्याने मला दोराला बांधलं. मी वर आलो. तो आला नाही.

"पोरां शाळेत तेका बोगदो म्हणतली," सासूबाई म्हणाल्या.

नेत्रा हसली नाही. "गुदमरून गेलेल्या माणसाचं नाव मी लेकराला देणार नाही," एवढंच बोलून ती आत गेली.

पाळण्याची कडी कुरकुरते. डोळे मिटतात, कुरकुर चालूच राहते. आता मी लोखंडी शिडीवरून उतरतोय आणि कुरकुरतेय ती शिडी.

खाली टाकी नाही, रेल्वेचा बोगदा आहे. भिंती पाझरतायत. रुळांच्या मधोमध सासूबाईंचा जेवायचा पाट, आणि पाटावर बोगदान. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात आहे.

"परब," तो म्हणतो. त्याला मराठीचा शब्द येत नव्हता. आता येतो.

"वर चल, बोगदान. इथली हवा चांगली नाही."

"माझं नाव पोराला देतोयस म्हणे. अर्थ माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवतो. इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण कधी विचारलं नाही.

"बोग म्हणजे देव. तुमच्या भगवानातला भग आणि आमचा बोग, जुने भाऊबंद. दान म्हणजे दिलेला."

"देवदत्त!" मला हायसं वाटतं. "मग चांगलंच आहे की."

माझी जीभ जड होते. ही हवा मी ओळखतो.

"आजीच्या गावी बाप्तिस्मा होईपर्यंत कुठल्याही बाळाला बोगदानच म्हणायचे," तो सांगतो. "खरं नाव उघड झालं तर दृष्ट लागेल म्हणून."

"आमच्याकडे धोंडू म्हणायचे. आधीची मुलं गेली असली की."

"माझ्याआधीची दोन गेली होती. आईने मला दुसरं नाव दिलंच नाही. धीरच झाला नाही तिला. जन्मभर मी तिची भीती वागवली, परब."

रूळ पाण्याखाली गेलेत. पाट नाही. बोगदान छातीपर्यंत काळ्या पाण्यात आहे आणि दोराला हिसका बसतो. मी टाचा रोवून मागे रेलतो.

वर बाळ रडायला लागतं.

"सोड," तो म्हणतो.

"नाही! त्या दिवशी मला शुद्ध नव्हती. आज आहे."

"तुझं पोर रडतंय."

"तू आधी वर ये!"

"त्याला आत्ता काय हाक मारता?"

"बाळ. नुसतं बाळ."

"मग जन्मल्यापासून आजवर तो बोगदानच होता. माझं नाव लागलं त्याला. आता त्याचं स्वतःचं ठेव. आणि दोर सोड."

मी सोडत नाही. दोर हातांतून सरकतो, चामडी जळते, तरी मी मुठी आवळतो.

रडणं एकाएकी थांबतं.

बोगदान माझ्याकडे बघतो. वरून बाळाचा आवाज येत नाही, आणि मी मुठी उघडतो. दोर सणसणत काळोखात जातो.

लख्ख ऊन. मी उठून बसलोय. पाळणा हलत नाही. आत दुपटं बाळाच्या तोंडावरून गळ्यापर्यंत गुंडाळलं गेलंय आणि इवले हात ताठ झालेत. मी दुपटं ओरबाडून काढतो. चेहरा निळसर. उचलतो, पाठ चोळतो, "अरे, घे ना श्वास, घे," म्हणत राहतो.

ते एक लांब आचका देतं. मग असं किंचाळतं की नेत्रा आतून धावत येते आणि त्याला माझ्याकडून ओढून छातीशी धरते.

बऱ्याच वेळाने, तिच्या खांद्यावर ते शांत झाल्यावर, मी म्हणतो, "नाव तू ठेव. तुला आवडेल ते."

ती बघत राहते. "बोगदान नको?"

"झालं ते ठेवून."

तिला कळत नाही. ती विचारणार असते, पण तिची नजर बाळाच्या पांढऱ्या झबल्यावर जाते. पाठीवर रक्ताचे दोन पुसट डाग. ती घाबरून झबलं वर करते. बाळाला कुठेही खरचटलेलं नाही.

"हात बघू तुझे," ती म्हणते.

मी हात पुढे करतो. दोन्ही तळव्यांवर आडवी, दोराच्या जाडीची, चामडी सोलून निघाली आहे.