खरखर काढून मिळेल

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. गंजके स्क्रू डब्यात टाकत जावं आणि एके दिवशी डबाच उचलेनासा व्हावा, तसं होतं. भवानी पेठेतल्या आमच्या दुकानाचं तेच झालं. दुकान मल्लप्पाअण्णांचं, सोल्डरिंग माझ्याकडे. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत मोटारीत रेडिओ असणं म्हणजे केवढा थाट! पण इंजिन सुरू झालं की गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची. ती घालवणं हा आमचा धंदा. पाटीवरही तेवढंच लिहिलेलं: 'खरखर काढून मिळेल.'

अण्णांच्या सासऱ्यांना हे मुळीच पटत नव्हतं. अक्कलकोटकडं चांगली बागायत, पोटी मुलगा नाही, आणि जावई गिरणीतली नोकरी सोडून आवाज काढत बसलेला! पाडव्याला येऊन त्यांनी बजावलं, "दसऱ्याला येतो. माज्या म्होरं एक गाडी गप करून दाव. न्हाय जमलं तर बिऱ्हाड उचलायचं आन् माज्यासंगं शेतावर यायचं."

अण्णा हो म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुकान म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

*

एका डॉक्टरांची अँबॅसडर आली. अण्णांनी विचारायला सुरुवात केली: आवाज कधीपासून येतो, चढावर वाढतो का, गाडी थांबल्यावर जातो का. डॉक्टर वैतागले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मगच प्लगच्या वायरींत खरखर दाबणारे सप्रेसर घातले आणि डायनामोला कंडेन्सर लावला. रेडिओ लख्ख!

आठवड्यानं डॉक्टर मुद्दाम दुकानासमोर थांबले. म्हणाले, "आता मीपण पेशंटला आधी विचारतो."

*

एका कारखानदारांच्या गाडीच्या रेडिओतली शिट्टी आम्ही अशीच घालवली. गाडीचा वेग वाढला की ती शिट्टीही चढायची. मालक खूश होऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचे ड्रायव्हर इस्माईलचाचा एकटेच आले. कानानं जरा कमी ऐकू यायचं त्यांना. इकडंतिकडं बघत म्हणाले, "मियाँ, वो आवाज वापस डालो. गिअर कब बदलना, मालूमच नै होता."

वीस वर्षांची नोकरी होती त्यांची. अण्णांनी डॅशखाली गुपचूप एक बटण बसवून दिलं. मालक उतरले की शिट्टी चालू!

*

नातेपुत्याच्या एका बागाईतदारांची तक्रार न्यारीच होती. पाऊस आला की त्यांचा रेडिओ गुरगुरायचा. कुणी ढगांना दोष दिला, कुणी ओलीला. दोन वर्षं निदान होईना, कारण आमच्याकडं पाऊस पडतोच किती?

शेवटी भर मे महिन्यात, डोकं तापवणाऱ्या उन्हात, अण्णांनी त्या गाडीचं नुसतं वायपरचं बटण दाबलं. रेडिओ गुरगुरला. अण्णा म्हणाले, "आला बघा पाऊस!"

*

आणि मग दसरा आला. खंडेनवमीला सकाळीच सासरे येऊन बाकड्यावर बसले. समोर वैरागची जीप उभी होती, कुस्त्यांची दवंडी देणारी. छपरावर कर्णा, आत माइक. महिन्यापूर्वी आम्हीच तिची खरखर काढून दिलेली. आता मात्र इंजिन सुरू केलं की पैलवानांची नावं टरटरीत बुडून जात.

सप्रेसर तपासले. कंडेन्सर बदलला. बॅटरीच्या वायरी पुन्हा घट्ट केल्या. दुपार झाली. अण्णांचा शर्ट घामानं भिजला. मी त्याच वायरी पुन्हा पुन्हा तपासत होतो, कारण अण्णा गेले की दुकान गेलं.

सासरे उठून बॉनेटशी आले. तिथं आम्ही विणलेल्या तांब्याची एक पट्टी लावली होती, बॉनेट बॉडीला जोडणारी. ती कशाला, असं त्यांनी विचारलं.

अण्णा थकून म्हणाले, "ह्या लोखंडानं त्या लोखंडाला धरून ऱ्हायला पायजे, मामा. मधी काय आलं की खरखर."

म्हातारा वाकला. नखानं बोल्टाखाली खरवडलं.

"मग मधी रंग हाय की."

ड्रायव्हरनं पूजेसाठी गाडी सजवली होती! प्रत्येक नटबोल्ट काढून, घासून, चंदेरी रंग देऊन त्यानं मोठ्या भक्तिभावानं परत बसवला होता. आम्ही विचारलं तर तोच चकित झाला. म्हणाला, "वर्साचा सण हाय. देवाम्होरं काय तशीच हुबी करू व्हय?"

अण्णांनी कानशीनं रंग खरवडला, पट्टी आवळली, इंजिन सुरू केलं. कर्ण्यातून टरटर नाही, शिट्टी नाही, काही नाही.

सासऱ्यांनी माइक मागून घेतला. तो कसा धरायचा हे आधी नीट समजून घेतलं. मग घसा खाकरला, आणि चालू इंजिनावर त्यांचा आवाज अख्ख्या भवानी पेठेत स्वच्छ ऐकू गेला:

"अक्कलकोटची यष्टी कितीला हाय हो? मी एकलाच जानार हाय."