रीकच्या खिडकीचा पडदा

रीक कोपरच्या खिडकीला पडदे आहेत. चांगले जाडजूड, हिरवे, धुऊन इस्त्री केलेले. पण ते ओढायचे मात्र नसतात. दिवसा नाही, आणि दिवे लागल्यावर तर नाहीच. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही तिची बैठकीची खोली आरपार दिसते. पिवळा दिवा, नवऱ्याची जुनी खुर्ची, खिडकीच्या कट्ट्यावर चिनी मातीचे दोन पांढरे कुत्रे आणि त्यांच्यामागे पेपर वाचत बसलेली खुद्द रीक. उत्तर अ‍ॅमस्टरडॅममधली आमची ही टिटवी गल्ली जहाजाच्या कारखान्यातल्या कामगारांची. रीकचा नवरा कोर तिथे वेल्डर होता, ती तिथल्याच कँटीनमध्ये सूप वाढायची. कारखाना बंद पडला, कोर गेला, पण खिडक्या उघड्या त्या उघड्याच राहिल्या. अख्ख्या गल्लीत पडदे ओढून बसणारी मी एकटी. इतकी वर्षं इथे काढली, तरी माझी ती खोड गेली नाही.

"काय गं शेजारणी," रीक मला भर रस्त्यात विचारायची, "आत बसून चोरून खातेस तरी काय?"

"तुझ्यासारखं प्रदर्शन नाही मांडायचं मला."

"प्रदर्शन कसलं? मला रस्ता दिसतो, रस्त्याला मी दिसते. मग कुणाची हिंमत आहे इथे वाकडं पाऊल टाकायची?"

हेच तिचं सगळं तत्त्वज्ञान. परगावी राहायला जागा कुठे बघावी असं कुणी विचारलं, की ती सांगायची, "घर मागाहून बघा, आधी गल्ली बघा. दिवे लागले की एक चक्कर मारा. पडदे उघडे असतील तर खुशाल राहा. सगळं बंद आणि दाराला चार-चार कुलपं दिसली, की तिथून पाय काढा." हे सांगताना ती माझ्या घराकडे बघायची, ते वेगळंच.

स्वभाव मुळातच आडवा. स्टेशनाकडून पाणी ओलांडून आमच्या बाजूला येणारी बोट फुकट आहे. तरी धक्क्यावर एक कोटवाला परक्या लोकांना तिची तिकिटं विकायचा. आम्ही सगळे त्याला ओळखून होतो आणि मान वळवून पुढे जायचो. रीक एके दिवशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि ओरडायला लागली, "फ्री! फ्री! फ्री!" इंग्रजीतला तेवढाच शब्द तिला पक्का येत होता. पावसात भिजली, पण हलली नाही. दुसऱ्या दिवशी तो आला तर ही छत्री घेऊन हजर. शेवटी त्यानेच हात टेकले आणि तो दिसेनासा झाला.

अशा बाईच्या दारात एका दुपारी आयर्लंडचं एक जोडपं उभं राहिलं. कडेवर बाळ, पायाशी बॅगा. रीकने आमची मधली भिंत ठोकली. माझी गरज लागली की ती भिंतच ठोकते.

"विचार यांना इंग्रजीतून, कुणाचं घर हवंय."

त्यांना रीकचंच घर हवं होतं. आठवड्यासाठी भाड्याने घेतलं होतं त्यांनी. मोबाइलवर जाहिरात होती, तिच्यात कोरची खुर्ची, पिवळा दिवा, दोन कुत्रे, आणि वर ठसठशीत मजकूर: शांत आणि सुरक्षित वस्ती. कुणीतरी फूटपाथवर उभं राहून उघड्या खिडकीतून आरामात फोटो काढले होते. पैसे आगाऊ गेले होते आणि ज्याला गेले तो आता फोन उचलत नव्हता.

रीकने तो फोटो बराच वेळ बघितला. "खुर्ची वाकडी होती त्या दिवशी," एवढंच ती आधी म्हणाली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती कानापर्यंत लाल झाली.

तिने त्यांना आत घेतलं, कॉफी दिली. कॉफीबरोबर एकेक बिस्कीट, आणि डब्याचं झाकण लगेच बंद. दारात देव आला तरी रीककडे एकच बिस्कीट मिळेल. मग त्यांना घेऊन ती चर्चच्या मागे बेपच्या पाहुणेघरात गेली. बेप तिची शाळेपासूनची मैत्रीण, तरी रीकने त्या जोडप्याला बजावलं, "आधी खोली बघा, कडी लागते का बघा, मगच पाकीट बाहेर काढा."

बेप म्हणाली, "माझ्यावरही विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. त्यांना सवय लागू दे."

त्यानंतर लोक येतच राहिले. पोलंडच्या दोन नर्स आल्या, कॉलेजची पोरं आली, आयुष्यात पहिल्यांदा सहलीला निघालेलं एक म्हातारं जोडपं आलं. जाहिरातीची तक्रार केली की ती उतरायची आणि दुसऱ्या नावाने परत चढायची. पोलीस चौकीतला अधिकारी भला माणूस, पण तोही म्हणाला, "बाई, हे लोक कुठल्या देशात बसलेत तेही आम्हाला कळत नाही." रीकचा कॉफीचा खर्च वाढला. आणि दर वेळी बेल वाजली की तिच्या कपाळावर एक आठी चढायला लागली, जी आधी नव्हती.

ऑक्टोबरात एक दांडगा डॅनिश माणूस आला. बरोबर बायको आणि थकलेली आई. मी काय सांगतेय ते ऐकायची त्याची तयारीच नव्हती. त्याने दारात पाय रोवला आणि ओरडला, "चोर! तुम्हीही त्यांच्यातल्याच!" दार त्याने असं काही आपटलं, की खिडकीच्या कट्ट्यावरचा एक कुत्रा खाली पडला आणि त्याचा कान उडाला.

त्या आवाजाने तो स्वतःच दचकला. वाकून त्याने तो कान उचलला आणि रीकच्या हातात दिला. मग जरा शांत होऊन म्हणाला, "मी काही मूर्ख नाही. पैसे भरायच्या आधी मी तुमची गल्ली बघितली होती. मोबाइलवरच्या नकाशात रस्त्यांचे फोटो असतात ना, त्यात. ही खिडकी, हेच दोन कुत्रे. म्हटलं, पडदेसुद्धा न ओढणारी माणसं आहेत, इथे कसला धोका? म्हणून तर विश्वास ठेवला."

मी हे रीकला सांगितलं. ती कोरच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कधी बसत नाही.

"म्हणजे खोट्याची साक्ष माझ्या खिडकीने दिली," ती म्हणाली.

रविवारी तिची मुलगी योलांदा पुर्मेरेंडहून आली आणि कानतुटका कुत्रा बघून तिचा पारा चढला.

"आई, आता पुरे. आधी तो पडदा ओढ. आणि नकाशावर आपलं घर पुसून मागता येतं. अर्ज केला की फोटोत घराच्या जागी नुसता धुरकट ठोकळा दिसतो."

"पुसतात कुणाला? पेपरातल्या फोटोत ज्यांनी काही गुन्हा केलेला असतो, त्यांची तोंडं पुसतात. मी काय केलंय?"

"उद्या कुणी दार फोडून आत आला म्हणजे?"

"मी पडदा ओढला, की पलीकडची ओढेल. मग त्याच्या पलीकडची. मग या गल्लीत काय होतंय ते कोण बघणार? ही?" असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

योलांदाचे डोळे भरून आले. पोर वाईट नाही, भ्यायली होती. "ठीक आहे," ती म्हणाली, "पुढचा उन्हाळा बघू. उन्हाळ्यात एक जरी माणूस फसून बॅग घेऊन या दारात आला, तर हे घर सोडायचं आणि माझ्याजवळच्या फ्लॅटमध्ये यायचं. शब्द दे."

रीकने शब्द दिला. रीकचा शब्द म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंत ठोकली गेली. "ते रस्त्याचे फोटो काढतं कोण?"

"छपरावर कॅमेरा लावलेली एक गाडी फिरते."

"पुन्हा कधी येते?"

मी मोबाइलवर शोधलं. वसंतात आमच्या शहरात फिरणार होती. कुठल्या गल्लीत कधी, ते कुणी सांगत नाही.

"चालेल," रीक म्हणाली. "माझ्या खिडकीने खोटी साक्ष दिली ना? आता खरी देईल."

तिने कपाटाची मागची फळी उचकटली आणि माझ्याकडून त्यावर इंग्रजीत लिहून घेतलं. मी सुचवलं, "प्रिय पाहुण्यांनो, आपल्याला कळवण्यात येते की..." रीक म्हणाली, "लग्नाची पत्रिका आहे का ही? हे घर भाड्याने नाही. पैसे भरू नका. बस्स." काळ्या रंगात, मनगटाएवढ्या जाड अक्षरांत मी तेवढंच लिहिलं.

फेब्रुवारी सरता सरता तो फलक खिडकीत उभा राहिला. त्याने तिचा अर्धा रस्ता झाकला, म्हणून ती आपली खुर्ची कोपऱ्यात ओढून उरलेल्या अर्ध्यातून बघत बसायची. दुकानात जाऊन यायची तर मला पहाऱ्याला बसवायची. पोस्टमन रोज चिडवायचा, "रीकमावशी, भाड्याने नाही तर विकत देता का?" योलांदा फोनवर म्हणायची, "आई, ती गाडी तीन वर्षांनीही येईल." रीक म्हणायची, "मग तीन वर्षं. मला कुठे जायचंय?"

एप्रिलमध्ये वळणावरच्या योप मासेवाल्याचा फोन आला. "आली गं आली! छपरावर कॅमेरा! बगळा गल्लीतून तुमच्याकडेच वळतेय!"

मी धावत बाहेर आले आणि डोक्याला हात लावला. रीकच्या खिडकीसमोर काचा धुणाऱ्या श्याकची शिडी, आणि अख्खी काच साबणाच्या फेसाने पांढरी. फलकाचं एक अक्षर दिसत नव्हतं.

"उतर खाली!" रीक दारातून कडाडली.

"अहो मावशी, अर्धीच काच झालीय."

"उतर, नाहीतर शिडी ओढते!"

श्याक उतरला, पण फेस कुठे जाणार? रीकने एकदा काचेकडे बघितलं, आत गेली आणि फलक उचलून बाहेर आली. ॲप्रन, सपाता, केसांना चिमटे, तशीच. फूटपाथवर आपल्या दारासमोर ताठ उभी राहिली. वारा असा होता की फलकासकट तीच भेलकांडायला लागली.

"शेजारणी, धर!"

"मी फोटोत येणार नाही हं."

"मग मागून धर, पण धर!"

मी फलकाच्या मागे उकिडवी बसले आणि दोन्ही हातांनी त्याच्या कडा गच्च धरल्या. गाडी आली आणि गेली. चालवणाऱ्या पोराने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"झालं?" रीकने विचारलं.

"झालं असावं."

"मग श्याकला सांग, काच पुरी कर."

जूनमध्ये तो फोटो नकाशावर आला. फलकावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. कडेला माझी आठ बोटं. आणि ॲप्रनच्या वर, तोंडाच्या जागी, एक धुरकट गोळा.

"माझं तोंड कुठाय?"

"ते सगळ्यांचंच पुसतात गं, आपोआप."

"म्हणजे शेवटी चोर ठरले मीच!" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही.

पण जून कोरडा गेला. जुलैही गेला. योलांदा दर रविवारी विचारायची, "आलं कुणी?" आणि रीक सांगायची, "कोण येतंय!" ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी योलांदा आईकडे आली होती, मीही तिथेच कॉफीला होते. फलक आता पलंगाखाली गेला होता आणि खिडकीतून रस्ता पुन्हा सगळा दिसत होता. त्या रस्त्याने एक बाई आणि एक मोठी मुलगी आल्या. घरांचे नंबर बघत बघत, मागे चाकांची बॅग ओढत.

"आई," योलांदा हळूच म्हणाली, "बॅग आहे."

रीकने कप खाली ठेवला. बेल वाजली. कानतुटक्या कुत्र्याला तिने उगीचच सरळ केलं आणि दार उघडायला गेली. मी मागोमाग गेले.

"हे घर भाड्याने नाही," रीकने तोवर पाठ झालेलं इंग्रजी म्हणून दाखवलं. आवाज तिचा नव्हताच.

"माहीत आहे," ती बाई म्हणाली. लिथुआनियाची होती. "आम्ही पैसे भरणारच होतो. माझी मुलगी म्हणाली, आधी गल्ली तरी बघू. बघितली तर तुम्ही फलक धरून उभ्या. मग आम्ही चर्चच्या मागे दुसरी जागा घेतली. आधी खोली बघितली, मगच पैसे दिले. आज परत निघालोय, म्हणून ही बॅग."

"मग इथे कशाला आलात?" मी विचारलं.

ती मुलगी लाजून म्हणाली, "फोटोत आजींचं तोंड पुसलंय ना. म्हटलं, जाण्याआधी बघून जावं."

हे मला रीकला दोनदा सांगावं लागलं. रीकने ॲप्रनला हात पुसले. केसांवरून हात फिरवला. मग उंबऱ्यावर, उजेडात येऊन सरळ उभी राहिली आणि त्या दोघींना मनसोक्त बघू दिलं.

"त्यांना विचार, बघून झालं का," जरा वेळाने ती म्हणाली. "झालं असेल तर आत या म्हणावं. योलांदा, कॉफी ठेव! आणि बिस्किटांचा डबा उघडाच राहू दे."