दोन पायऱ्या खाली

विक्रीच्या कामावर नव्यानेच आलेल्या सायलीने बेल वाजवली आणि ती दाराला खेटूनच उभी राहिली. मी जिन्यात तिच्या मागेच होते.

चळवळीची पत्रकं वाटत वाढलेल्या मला विक्री म्हणजे लबाडीच वाटायची. कामाच्या पहिल्याच दिवशी मला शिकवणाऱ्या शिंदे मॅडम म्हणाल्या होत्या, "बेल वाजवलीस ना? आता दोन पायऱ्या खाली उतर. समोरच्या बाईला 'नको' म्हणायला जागा ठेव." त्या एका धड्याच्या बळावर मी सहा वर्षं ताठ मानेने मिक्सर विकले.

"सायली, मागे हो."

"ताई, काल तुम्हीही अशाच उभ्या होतात की!"

खरंच. मॅडम निवृत्त झाल्या, टार्गेट वाढलं आणि मी कधी पुढे सरकले, कळलंच नाही. त्यांचे उपकार असे फेडले मी?

आत पावलं वाजली. मी सायलीचा हात धरला आणि आम्ही दोघी दोन पायऱ्या खाली उतरलो.